मेटामॉर्फिक दगड ओळखताना – एमएस्सी जिऑलॉजीला नवीन आलेल्यांसाठी

पुणे-नाशिककडून आलेल्या पोरांचं एक असतं, लहानपणापासून बेसाल्टच बघितलेला, त्यामुळे प्रॅक्टिकलला टेबलवर शिस्ट आणि नाईस (gneiss) असे मेटामॉर्फिक, म्हणजे उष्णता-दाबाने रूपांतर झालेले, दगड ठेवले की गडबडतात. आपल्याकडे मेटामॉर्फिक बघायचे तर नागपूर-भंडाऱ्याकडे नाहीतर खाली सिंधुदुर्गात जावं लागतं. माझी फिल्ड रामटेक-मनसर भागात झाली म्हणून उदाहरणं तिकडचीच देतो.

नाव आठवत बसू नका, आधी दगड हातात फिरवून फोलिएशन, म्हणजे दाबाने मिनरल एका दिशेत लागून झालेली पापुद्र्यासारखी रचना, आहे का बघा. असेल तर स्लेट, फिलाइट, शिस्ट, नाईस या क्रमाने दाणा मोठा होत जातो. स्लेट सपाट फुटते, फिलाइटला रेशमी चकाकी असते पण अभ्रकाचे दाणे सुटे दिसत नाहीत, शिस्टमध्ये ते नुसत्या डोळ्यांना दिसतात, आणि नाईसमध्ये फिकट-गडद पट्टे. आता हे पट्टे म्हणजे मूळचे गाळाचे थरच असं बरेच जण धरून चालतात, तसं नसतं. फोल्डच्या (थरांच्या घडीच्या) वळणावर उभं राहून बघा, तिथे फोलिएशन बेडिंगला, म्हणजे मूळच्या थरांना, चक्क कापून जातं.

फोलिएशन नसेल तर बहुतेकदा मार्बल की क्वार्टझाइट एवढाच प्रश्न उरतो. चाकूने ओरखडा काढा. मार्बलवर उठतो, क्वार्टझाइटवर उठत नाही, उलट चाकूचंच लोखंड दगडावर घासलं जातं. मग पातळ एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) टाका, मार्बलवर बुडबुडे येतात. पण सौसर ग्रुपमध्ये (रामटेक-मनसरकडच्या दगडांचा गट) डोलोमाइटवाला मार्बलही आहे, तो थंड ॲसिडला जेमतेम दाद देतो, त्याची पूड करून थेंब टाकला की बुडबुडे येतात. हे माहीत नसलं की हातातला मार्बल लोक खुशाल फेकून देतात.

मनसरला गेलात तर गोंडाइट नक्की बघा, म्हणजे स्पेसार्टीन गार्नेट आणि क्वार्ट्झ, मँगनीजवाल्या गाळाचं रूपांतर झालेलं. फर्मर या जिऑलॉजिस्टने गोंड लोकांवरून हे नाव ठेवलं. मला विचाराल तर असा दगड घराजवळ असताना स्लाइडवर स्कॉटलंडचे फोटो बघत बसणं पटत नाही. अर्थात जिऑलॉजिस्ट बॅरोचे झोन, म्हणजे कोणतं मिनरल दिसायला लागतं त्यावरून पाडलेले पट्टे, पाठ हवेतच (त्याने ते 1893 मध्ये तिथेच मांडले), क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट, तापमान वाढतं तसे. कायनाइटची गंमत म्हणजे लांबीच्या दिशेने चाकू चालतो, आडवा चालत नाही. भंडारा जिल्ह्यात कायनाइट-सिलिमनाइटचे साठे आहेत, तिथला तुकडा मिळाला तर करून बघा.

नाव लिहिताना मार्क जातात ते क्रमामुळे. गार्नेट-बायोटाइट शिस्ट म्हणजे बायोटाइट जास्त, गार्नेट कमी, जे जास्त ते शिस्ट शब्दाला चिकटून. आणि फेसीज हे दगडाचं नाव नाही, तो प्रेशर-तापमानाचा पट्टा, एस्कोला या जिऑलॉजिस्टची कल्पना. तोच बेसाल्ट एका फेसीजमध्ये हिरवा क्लोराइट-ॲक्टिनोलाइटवाला दगड होतो, जास्त तापला की हॉर्नब्लेंडवाला ॲम्फिबोलाइट, आणि खूप खोल गेला तर एक्लोजाइट. म्हणून व्हायवाला फेसीज विचारली तर एका मिनरलवर बोलू नका, सगळे मिनरल मिळून सांगा, आणि मूळ दगड कोणता असेल तेही.

थिन सेक्शनमध्ये (मायक्रोस्कोपखाली बघायच्या दगडाच्या पातळ कापात) गार्नेट सोपा, क्रॉस्ड निकोलमध्ये, म्हणजे दोन्ही पोलरायझर आडवे-उभे लावून, स्टेज कितीही फिरवा, काळाच राहतो.