मुंबई ते नागपूर: अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

हवाई अंतर काढण्यासाठी दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश नकाशावरून घ्यावेत. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो, तर रेखांशाचा एक अंश आपल्या पट्ट्यात साधारण १०४ किलोमीटर भरतो. मुंबई-नागपूरमध्ये अनुक्रमे सुमारे २ आणि ६.२ अंशांचा फरक असल्याने, काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढावा तसे गणित केले की उत्तर ६८० किलोमीटरच्या आसपास येते.

विमान हे अंतर साधारण दीड तासात कापते. पण घर ते विमानतळ, तासा-दोन तासांची आगाऊ हजेरी आणि सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळणे धरून दारापासून दारापर्यंत पाच तास तरी मोजावेत.

रस्त्याने जाताना समृद्धी महामार्गाचा विचार करावा. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून तो ७०१ किलोमीटर सलग आहे. मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असली, तरी ७०१ ला १२० ने भागून सहा तास धरणे ही फसवी आकडेमोड आहे, कारण त्यात आमण्यापर्यंतची मुंबई-ठाण्याची कोंडी, घाटातील कमी वेग, इंधन आणि जेवणाचे थांबे येत नाहीत. सरासरी ताशी ८० धरून वर दीड तास मिळवावा, म्हणजे साधारण सव्वादहा तास होतात. निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा तपासावी. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर जुने टायर दगा देतात.