पवनचक्कीसाठी स्वस्तातला लाकडी टॉवर, १० फुटाचे तुकडे जोडून

सोलर आणि पवनचक्कीसाठी लाकडी टॉवर कसा करायचा असं विचारतात, तर आधीच सांगतो, सोलर पॅनलला टॉवर लागत नाही, सावली नसली की झालं. उंची लागते चक्कीला, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पॉवर आठपट होते. १०० मीटरच्या आत जे काही उंच असेल त्याच्या निदान ३० फूट वर चक्की हवी, त्यामुळे हा ३० फुटी टॉवर फक्त मोकळ्या माळावर आणि चारपाचशे वॅटच्या चक्कीसाठीच. लाकूड टिकेल का म्हणणाऱ्यांनी स्वीडन बघा, तिथे स्काराजवळ २०२३ मध्ये १०५ मीटरचा लाकडी टॉवर उभा राहिलाय, २ मेगावॅटच्या चक्कीसाठी!

वखारीतून २ बाय २ इंची, सरळ, बिनगाठीचं, सुकलेलं लाकूड घ्या. साग भारी पण महाग, निलगिरी चालते पण ओली घेतली की पिळते. बोरॅक्सचं पाणी मारून उघड्यावर ठेवू नका, पावसात धुऊन जातं, प्रेशर ट्रीटमेंटचं (दाबाने औषध आत मुरवलेलं) मिळालं तर तेच घ्या.

फूटभर चौरसाच्या चार कोपऱ्यांना चार पाय, मध्ये तिरक्या पट्ट्या, असे तीन तुकडे. सगळ्यांची भोकं एकाच जिगवर (साच्यावर) पाडा म्हणजे कुठलाही तुकडा कुठेही बसतो आणि एक सडला तर तेवढाच बदलायचा. जोडाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी आणि जीआय (जस्त चढवलेले) बोल्ट, खिळे अजिबात नकोत, चक्कीच्या थरथरीने निघून येतात. पाय मातीत पुरू नका, वाळवी लागेल, काँक्रीटवर बिजागरीच्या बुटात बसवा.

खरी ताकद ताणात, म्हणजे टॉवर धरून ठेवणाऱ्या तारांत आहे. चार दिशांना, दोन उंचीवर, वरचा ताण पात्यांच्या खाली. अँकर (तार बांधायचे जमिनीतले पक्के खुंट) बुंध्यापासून निदान १५ फूट. बाजूचे दोन अँकर बिजागरीच्या सरळ रेषेत आणि तेवढ्याच लेव्हलला पाहिजेत, नाहीतर टॉवर उचलताना एकतर तार ढिली पडते नाहीतर इतकी ताणते की अँकरच उपटतो (बहुतेक जण इथेच घाई करतात). दुमडलेली तार आवळणाऱ्या वायर क्लिप प्रत्येक टोकाला तीन, यू बोल्ट कापलेल्या टोकाकडे.

उचलताना बुंध्याला काटकोनात १५ फुटी बल्ली बांधा, ओढायच्या बाजूचा ताण तिच्या टोकावरून घेऊन ट्रॅक्टरने सावकाश ओढा, पडण्याच्या टप्प्यात कोणी थांबायचं नाही आणि लाइटच्या तारा टॉवरच्या उंचीच्या निदान दीडपट अंतरावर हव्यात. अर्थिंग विसरू नका. लाकूड सुकून आक्रसतं म्हणून पहिल्या आठवड्यात सगळे नट परत आवळा, आणि दर मेमध्ये टॉवर आडवा करून जोड तपासा.