पिवळा पडणारा क्लोव्हर असा सुधारला

अमेरिकेतल्या उत्तर मिशिगनच्या रेताड जमिनीत हरणांच्या चाऱ्यासाठी पेरलेला पांढरा क्लोव्हर (एक द्विदल चारा-वनस्पती) उगवला, पण बोटभर होऊन पिवळा पडला. रोप उपटलं तर मुळांवर गाठी जवळजवळ नाहीत. माती तपासली: सामू ५.३. इतक्या आम्ल मातीत या गाठींतले नत्र बांधणारे जिवाणू नीट काम करत नाहीत. मग युरिया टाकला तरी फावतं ते गवताचं.

ऑक्टोबरमध्ये अर्ध्या एकराला एक टन शेतीचा चुना पसरून सहा इंचांपर्यंत मिसळला. नुसता वर टाकलेला चुना फार हळू खाली उतरतो. पुढच्या ऑगस्टला सामू ६.२ आला. मग पावसाचा अंदाज बघून २५ पौंड ओट इंचभर खोल पेरला, जमीन रोलरने दाबली, त्यावर रायझोबियम (तेच नत्र बांधणारे जिवाणू) चोळलेलं ४ पौंड क्लोव्हरचं बी फेकून पुन्हा रोलर. क्लोव्हरचं बी पाव इंचाहून खोल गेलं की उगवण घटते. बहुतेकांचं इथेच चुकतं.

प्लॉटमध्ये हरणांचं तोंड पोचणार नाही असा जाळीचा एक पिंजरा हवाच. आत क्लोव्हर फूटभर आणि बाहेर खुरटा दिसला, तर माती ठीक आहे, हरणं जास्त आहेत. तेव्हा शिकारीच्या परवान्यात बसतील तितक्या माद्या कमी करायच्या.