शेतातला मातीचा बांध: गळती दिसली की नक्की काय बघायचं

तुमच्या रानात नाल्यावर पाच-सहा मीटरचा मातीचा बांध असेल तर तो तपासायला सरकारी इंजिनियर येईल या भरवशावर राहू नका. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरच्या वरच्या धरणांना लागतो आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही मोठ्या धरणांना, आपला बांध त्यात बसतच नाही. बघायचं आपणच, आणि खाली वस्ती असेल तर जबाबदारीही आपलीच.

मे महिन्यात गवत कापून घ्या. उपटू नका, हरळी मातीला धरून ठेवते. बाभळीची, सुबाभळीची रोपं मनगटाएवढी व्हायच्या आत काढा, मोठं झाड झालं आणि मग तोडलं की आतली मुळं कुजून पाण्याला आयती वाट होते. घुशी-उंदरांची बिळं खणून परत माती दाबून भरा, नुसतं तोंड बुजवलं तर आतली पोकळी तशीच राहते.

माथा कुठे बसलाय का ते गवंड्याच्या लेव्हल पाइपने बघा, डोळ्याला वीतभर फरक कळत नाही. बसलेला भाग भरून दाबून घ्या, कारण पुराचं पाणी तिथूनच ओलांडणार आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो टिकत नाही. पाण्याकडून खालच्या अंगाला आरपार जाणारी आडवी भेग दिसली तर ती गंभीर. बांधाच्या लांबीने जाणारी पण धनुष्यासारखी वाकलेली असेल तर उतार घसरायला लागलाय, लगेच जाणकाराला दाखवा.

सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, मोकळा ठेवा. दोन फूट पाणी जास्त अडेल म्हणून सांडव्यात वाळूच्या गोण्या रचणारे लोक मी दरवर्षी बघतो, एवढा स्वस्तात बांध घालवायचा दुसरा उपाय नाही.

आता मुद्दा गळतीचा. मला स्वतःला हे समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला कारण जो तो वेगळं सांगतो. एक म्हणतो मातीचा बांध आहे, पाझरणारच, दुसरा म्हणतो ओल दिसली की काळी माती नाहीतर सिमेंट थापा. पहिला अर्धा बरोबर आहे, दुसरा पूर्ण चूक. पाझर असतोच, प्रश्न तीनच: पाणी कुठून येतंय, किती येतंय आणि सोबत माती आणतंय का.

पायथ्याच्या दगडांतून नितळ पाणी येत असेल तर चांगलंच आहे, ते दगड त्यासाठीच घातलेत. पण तेच पाणी उताराच्या मध्यावर फुटलं, किंवा बांधाखालून जाणाऱ्या पाइपाच्या कडेने झिरपायला लागलं तर काळजी करा. पाइपाच्या भोवती माती नीट दाबली जात नाही म्हणून तिथली ओल मी कधीच साधी धरत नाही.

किती येतंय ते अंदाजाने सांगू नका. पायथ्याशी छोटी चारी काढून सगळं पाणी एका तुकडा-पाइपातून पाडा, खाली बादली लावा, मोबाइलवर सेकंद मोजा. 15 लिटरची बादली 30 सेकंदात भरली तर अर्धा लिटर सेकंदाला. सोबत तलावाची पातळी पण लिहायची, त्यासाठी पाण्याकडच्या दगडावर ऑइलपेंटने फुटाच्या खुणा करून ठेवा, कारण पातळी वाढली की पाझर वाढणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पातळी तीच आणि बादली आधीपेक्षा लवकर भरायला लागली की समजायचं आत काहीतरी बदललंय. पावसाच्या दिवशीचं माप धरू नका, उताराचं पाणी मिसळतं. आणि चालू पाझर अचानक बंद पडला तर खूश होऊ नका, पाणी दुसरीकडून वाट काढत असेल, पूर्ण पायथा परत फिरा.

माती येते का ते बघायला काचेची बाटली भरून अर्धा तास हलवू नका. तळाला गाळाची रेघ बसली तर बांध आतून पोखरला जातोय. पायथ्याच्या पुढे जमिनीतून पाणी उकळीसारखं वर येऊन भोवती मातीचं कडं जमत असेल तर तोच प्रकार.

इथे खालच्या बाजूने काहीही थापून पाणी बंद करायचं नाही. पाणी आत कोंडतं, दाब वाढतो आणि ते नवीन जागी फुटतं, बहुतेक आणखी वर. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. माती येतेय त्या जागेवर आधी धुतलेली जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, प्रत्येक थर वीतभर तरी. क्रशरची डस्ट चालत नाही. थेट मोठे दगड टाकू नका, फटींतून माती जातच राहते. थोड्या वेळाने पाणी नितळ झालं तर जमलं, पण हा तात्पुरता उपाय, इंजिनियरला बोलवाच.

सोबत पाणी उतरवा, पंपाने किंवा सायफनने. एरवी दिवसाला फूटभर पुरे, फार झपाट्याने उतरवलं तर पाण्याकडचा ओला उतार घसरतो. गढूळ पाणी वाढतच असेल तर मात्र जेवढं निघेल तेवढं काढा. पण जेसीबी आणून बांधाला चर मारू नका, तो चर तुमच्या हातात राहत नाही.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, ते खेकड्यांनी पोखरल्यामुळे फुटलं असं तेव्हाच्या मंत्र्यांनी सांगितलं आणि खेकड्यांवरून भरपूर विनोद झाले. खेकडे बिळं करतात हे खरंय, पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती, ते विनोदात मागे पडलं.

खालच्या वस्तीतल्या दोन-तीन घरांचे आणि पोलीस पाटलाचे नंबर पावसाळ्याआधी मोबाइलमध्ये टाका, जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 पण. गढूळ धार वाढतेय किंवा माथा खचतोय असं दिसलं की आधी वस्तीला फोन, मग बाकीचे. रात्री बॅटरी घेऊन एकट्याने पायथ्याशी उतरायचं नाही, बघायचंच असेल तर कडेच्या टेकाडावरून बघा.