सोळाव्या-सतराव्या शतकातला स्पेन वाचताना या चुका टाळा

स्पॅनिशच्या वर्गात एकदा सोळाव्या शतकातल्या जोगिणीचा, स्पेनमधल्या आविला शहराच्या संत तेरेसाचा विषय निघाला. मी फळ्यावर तिचं घर मांडलं. वडील आलोन्सो सांचेस दे सेपेदा, आई बेआत्रिस दे आउमादा, भाऊ लोरेन्सो दे सेपेदा आणि ती स्वतः तेरेसा दे आउमादा. एका विद्यार्थिनीने लगेच विचारलं, "सर, आडनाव चुकलं का? बाप-भावाचं एक आणि हिचं दुसरंच?"

आडनाव बरोबर होतं. त्या काळातल्या स्पेनबद्दल मराठीत लिहिताना-वाचताना होणाऱ्या बऱ्याच चुका मात्र याच प्रश्नापासून सुरू होतात. आपण सत्ता एका कप्प्यात ठेवतो, घर दुसऱ्या आणि धर्म तिसऱ्या. त्या माणसांच्या कागदपत्रांत हे कप्पे सापडत नाहीत. कराचा दावा उघडावा तर आत आजोबांच्या धर्माची चौकशी निघते.

आडनावावरून घराणं ठरवू नका

लग्नानंतर स्पेनमधली बाई नवऱ्याचं आडनाव लावत नसे, आजही लावत नाही. मुलं बापाचं, आईचं, कधी आजीचंही आडनाव घेत. कोणाचं नाव घेतल्याने वारसा, मानाची जागा किंवा एखाद्या नातेवाइकाचा आधार मिळेल, यावर ते ठरायचं. कवी गोंगोराचे वडील आर्गोते होते आणि गोंगोरा हे आईकडचं नाव. चित्रकार वेलास्केसचंही तसंच, त्याचे वडील रोद्रिगेस दे सिल्वा. त्यामुळे सख्ख्या भावंडांची आडनावं वेगळी दिसली की छापण्यातली चूक समजून ती 'दुरुस्त' करू नका. उलट अमुक नाव का निवडलं, हे शोधा. बहुतेकदा मागे मालमत्ता किंवा प्रतिष्ठा असते.

तेरेसाच्या घरात तर नावामागे खूप काही दडलं होतं. तिचे आजोबा हुआन सांचेस तोलेदोचे व्यापारी. त्यांचं घराणं मूळचं ज्यू, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेलं. अशांना कोन्वेर्सो म्हणत. १४८५ मध्ये ते तोलेदोच्या इन्क्विझिशनपुढे, म्हणजे ख्रिस्ती लोकांतला पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयापुढे, हजर झाले. छुपेपणाने ज्यू रीतिरिवाज पाळल्याची कबुली दिली आणि शिक्षा म्हणून सात शुक्रवार अंगावर सानबेनितो घालून शहरातल्या चर्चांच्या मिरवणुकीत चालले. सानबेनितो म्हणजे क्रुसाची खूण असलेला, अंगरख्यासारखा शिक्षेचा झगा. शिक्षा संपली तरी असे झगे नावासकट गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवत आणि जीर्ण झाले की नवे करून पुन्हा टांगत. नातवंडांनी रविवारी प्रार्थनेला जावं आणि वर बघावं तर आजोबांचं नाव. हुआन सांचेसनी तोलेदो सोडलं आणि आविलात कापडाचा धंदा मांडला.

पुढे १५१९ मध्ये आविलाजवळच्या एका गावाने त्यांच्या मुलांवर कर बसवला. मुलं वायादोलिदच्या वरिष्ठ न्यायालयात गेली. म्हणणं एवढंच, आम्ही इदाल्गो, म्हणजे कुलीन दर्जाचे आहोत, आम्हाला कर माफ आहे. खटल्यात १४८५ चं प्रकरण बाहेर आलं, तोलेदोहून त्याचा दाखलाही आला. तरी निकाल त्यांच्या बाजूने लागला, कारण साक्षीदार उभे राहिले, पैसा होता आणि लग्नांतून जोडलेली नाती होती. तेरेसा तेव्हा चार-पाच वर्षांची होती. १६२२ मध्ये तिला संतपद मिळालं. घराण्याचं हे मूळ मात्र खटल्याचे कागद १९४६ मध्ये छापून येईपर्यंत जगाला माहीत नव्हतं.

मला हा खटला फार महत्त्वाचा वाटतो. 'धर्मवेडा स्पेन' हे दोन शब्द लिहून पुढे जाणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

'इदाल्गो' म्हणजे सरदार नव्हे

मराठी लेखांत इदाल्गोचं भाषांतर सर्रास 'सरदार' किंवा 'जमीनदार' असं होतं. तिथेच घोळ होतो. इदाल्गो हा दर्जा होता, श्रीमंती नव्हे. त्याला राजाचा थेट कर माफ असे आणि साध्या कर्जापायी त्याला तुरुंगात टाकता येत नसे. खिशात दमडी नसलेले इदाल्गो खेडोपाडी होते. उत्तर स्पेनमधल्या बिस्काया प्रांतात तर जन्मलेला प्रत्येक जण कुलीन मानला जाई, मग तो चांभारकाम करत असला तरी.

इदाल्गो असणं आणि 'शुद्ध रक्ताचा', म्हणजे ज्यू किंवा मुस्लिम पूर्वज नसलेला, असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्कं लक्षात ठेवा. पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती असलेला शेतकरी शुद्ध रक्ताचा होता आणि कर भरत होता. उलट एखाद्या बड्या उमराव घराण्यात कोन्वेर्सो आजी निघायची, तरी कुलीनपणा शाबूत राहायचा. कोणत्या जागेसाठी कोणता पुरावा मागितला आहे, हे आधी बघा.

वेलास्केसकडे दोन्ही मागितले गेले. राजा चौथा फिलिप याने त्याला सांतियागोच्या सरदार-पंथात घ्यायचं ठरवलं. १६५८ मध्ये चौकशी सुरू झाली. तपासनीस गावोगाव फिरले, शंभराहून जास्त जबान्या झाल्या. सुर्बारान आणि आलोन्सो कानो या चित्रकारांनीही साक्ष दिली. वेलास्केसने कधी दुकान मांडलं नाही, पोटासाठी चित्रं विकली नाहीत, तो फक्त राजाच्या सेवेत रंगवतो, असं त्यांनी सांगितलं. हाताने कमावून खाणं कुलीनपणाच्या आड येत होतं. एवढं होऊनही त्याचा कुलीनपणा सिद्ध झाला नाही असं पंथाच्या मंडळाने ठरवलं. शेवटी पोपची सूट आणावी लागली आणि १६५९ मध्ये त्याला प्रवेश मिळाला. 'लास मेनिनास' हे त्याचं चित्र १६५६ चं. त्यात त्याच्या छातीवर दिसणारा पंथाचा लाल क्रूस नंतर रंगवलेला आहे.

रक्तशुद्धीला सरळ 'जात' म्हणू नका

मराठी वाचकाला 'लिंपिएसा दे सांग्रे', म्हणजे रक्ताची शुद्धता, हे शब्द ऐकले की जात आठवते. ते साहजिक आहे. इंग्रजीतला जातीसाठीचा शब्दही 'कास्ता' या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे. पण तुलना तिथेच थांबवून आधी व्यवहार बघावा. स्पेनमधली शुद्धता संस्थेच्या दारात तपासली जायची. कथीड्रलचं मंडळ, विद्यापीठातली मोठी वसतिगृहं, सरदार-पंथ, इन्क्विझिशनच्या नोकऱ्या, अशा जागांसाठी. तोलेदो शहरात असा पहिला नियम १४४९ च्या दंगलीत झाला. तोलेदोच्या कथीड्रलने तो १५४७ मध्ये आर्चबिशप सिलिसेओच्या आग्रहाने लागू केला. जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाने मात्र सुरुवातीला कोन्वेर्सोंना मोकळेपणाने घेतलं. त्यांचा दुसरा प्रमुख दिएगो लाइनेस स्वतः त्याच वंशाचा होता. त्यांचं दार १५९३ मध्ये बंद झालं.

पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार किंवा कोणी कोणता धंदा करायचा, हे या नियमांनी ठरत नव्हतं. तपास चालायचा तो चारही आजी-आजोबांच्या गावी जाऊन, म्हाताऱ्याकोताऱ्यांना 'यांच्याबद्दल लोक काय बोलतात' असं विचारून. म्हणजे पुरावा मुख्यतः गावच्या तोंडचा. वैरी शेजारी असेल तर घराणं बुडालं, पैसा असेल तर साक्षीदार मिळाले.

हुंड्याचं भाषांतर जपून करा

'दोते' या शब्दासमोर 'हुंडा' लिहिलं की वाचकाच्या मनात भलतंच चित्र उभं राहतं. स्पेनमधल्या कॅस्टील राज्याच्या कायद्यात मुलगा-मुलगी दोघांनाही आईबापाच्या मालमत्तेत वाटा होता. दोते हा मुलीच्या त्या वाट्यातला आगाऊ दिलेला भाग असायचा आणि पुढच्या वाटणीत तो धरला जायचा. नवरा त्याचा कारभार बघे, मालक होत नसे. लग्न संपलं की तो बायकोला किंवा तिच्या वारसांना परत करावा लागे. दस्त लिहिणारा एस्क्रिबानो गाद्या, चादरी, पेटारे, तांब्याची भांडी, झगे यांची एकेक वस्तू किमतीसह नोंदवायचा. आपल्याकडच्या शब्दांत हे हुंड्यापेक्षा स्त्रीधनाच्या जवळचं आहे.

म्हणून 'स्त्रियांना कसलेच हक्क नव्हते' असं लिहू नका, आणि त्यांना मोकळीक होती असंही नका. १५०५ च्या तोरोच्या कायद्यांप्रमाणे विवाहित बाईला करार करायला नवऱ्याची परवानगी लागे. विधवा झाली की तीच बाई स्वतःचं दोते आणि संसारात मिळवलेल्याचा अर्धा हिस्सा हाती घेऊन धंदा चालवायची, कज्जे लढायची. याच कायद्यांनी मायोरास्गोचीही घडी बसवली. त्यात मालमत्तेचा मोठा भाग अविभाज्य करून एकाच वारसाकडे, बहुधा थोरल्या मुलाकडे जाई. मग धाकटे कुठे जाणार? चर्चमध्ये, सैन्यात, नाहीतर अमेरिकेत. लग्नाचं दोते न परवडणाऱ्या मुली मठात, आणि तिथेही दोते लागेच, फक्त कमी. तेरेसाचे भाऊ अमेरिकेत गेले. तिने १५६२ मध्ये आविलात सान होसेचा मठ काढला, त्याला लोरेन्सोने तिकडून पाठवलेला पैसा उपयोगी पडला.

आणखी एक समज सहज खरा वाटतो, तो म्हणजे चर्च आणि आईबाप नेहमी एका बाजूला होते. लग्न वैध ठरायला वधूवरांची संमती पुरेशी आहे, असं चर्च मानत होतं. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पाद्री आणि साक्षीदार सक्तीचे केले, पण आईबापांची संमती वैधतेची अट केली नाही. घरचे अडवत असतील तर बिशपचा अधिकारी मुलीला त्रयस्थ घरी ठेवून तिची खरी इच्छा विचारू शकत असे. घरच्यांच्या हातात वारसा तोडण्याची धमकी होती. पंचवीस वर्षांखालच्यांना पालकांची संमती सक्तीची झाली ती १७७६ मध्ये, राजा तिसऱ्या कार्लोसच्या फर्मानाने. इथे घराच्या मदतीला राजा आला.

इन्क्विझिशनचे आकडे

इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. कोणी 'लाखो जाळले' लिहितो, कोणी 'फारसं काही झालंच नाही' म्हणतो. दोन आकडे जुळत नसतील तर आधी कालखंड बघा. १५४० ते १७०० या काळातल्या सुमारे ४४ हजार खटल्यांचे गोषवारे अभ्यासकांनी मोजले आहेत. त्यात प्रत्यक्ष जाळले गेलेले दोन टक्क्यांहून कमी. पण सर्वांत रक्तरंजित काळ त्याआधीचा, १४८० नंतरच्या पहिल्या काही दशकांचा, आणि तो या मोजणीत नाही. बळी तेव्हा मुख्यतः कोन्वेर्सो होते. कमी आकडा दाखवून तो काळ झाकू नका. शिवाय जाळणं हीच एक शिक्षा नव्हती. तक्रार कोणी केली ते आरोपीला सांगत नसत, मालमत्ता जप्त व्हायची आणि चर्चमध्ये टांगलेला झगा पुढच्या पिढ्यांना पुरायचा.

दोन छोट्या दुरुस्त्या. 'आउतो दे फे' म्हणजे जाळणं नव्हे. तो शिक्षा जाहीर वाचून दाखवण्याचा सोहळा होता. देहदंड नंतर, दुसऱ्या जागी, राजाचे अधिकारी देत. आणि बाप्तिस्मा न झालेल्या ज्यूवर इन्क्विझिशनचा अधिकार चालत नसे. १४९२ चा हद्दपारीचा हुकूम राजा-राणीचा होता, न्यायासनाचा नव्हे.

'स्पेन' एक देश धरून चालू नका

आरागॉनचा वारस फर्नांदो आणि कॅस्टीलची वारस इसाबेल यांचं १४६९ मध्ये लग्न झालं, राज्यं एक झाली नाहीत. कॅस्टील आणि आरागॉनचे कायदे, नाणी, प्रतिनिधी-सभा वेगळ्याच राहिल्या. दोन्हीकडे चालणारी संस्था इन्क्विझिशनच, आणि राजांनी तिचा तसा वापर केला. दुसऱ्या फिलिपचा चिटणीस आन्तोनियो पेरेस खुनाच्या आरोपाखाली कैदेत होता, तिथून निसटून तो १५९० मध्ये आरागॉनात पळाला. तिथे राजाचा हात पोचेना, तेव्हा त्याच्यावर पाखंडाचा आरोप लावला गेला, म्हणजे प्रकरण इन्क्विझिशनकडे नेता आलं. सारागोसात दंगल उसळली, पेरेस निसटला आणि १५९१ च्या डिसेंबरात आरागॉनचा मुख्य न्यायाधीश लानुसा याचं डोकं उडवलं गेलं.

गोवा इथे मिसळू नका

मराठीत ही चूक सगळ्यात जास्त दिसते. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं, १८१२ मध्ये संपलं आणि ते पोर्तुगीज होतं. १५८० ते १६४० मध्ये पोर्तुगालचा राजा स्पेनचाच होता, तरीही गोव्याचं न्यायासन लिस्बनच्याच अखत्यारीत राहिलं. स्पेनचं स्वतःचं १८३४ पर्यंत टिकलं. गोव्याचे बहुतेक कागद नष्ट झाले, म्हणून स्पेनच्या खटल्यांची टक्केवारी गोव्याला लावता येत नाही.

खरा धागा मात्र आहे, तो एका घराचा. १४९२ मध्ये स्पेनमधून निघालेल्या ज्यूंपैकी एक जोडपं पोर्तुगालात गेलं. तिथे १४९७ मध्ये ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला गेला. त्या जोडप्याचा मुलगा गार्सिया दा ऑर्ता साला‌मांका आणि आल्काला इथे शिकून वैद्य झाला आणि १५३४ मध्ये गोव्यात आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात जाळलं. नातेवाइकांच्या जबान्यांवरून त्याच्यावरही खटला चालला आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढून जाळली.