मरगळलेले ऑर्किड सावरताना मराठवाड्यात घ्यायची काळजी

घरात भेट म्हणून येणारे किंवा नर्सरीत फुलांसह मिळणारे ऑर्किड बहुधा फॅलेनॉप्सिस या प्रकारातले असते. आग्नेय आशियातील दमट जंगलांत ते मातीत न रुजता झाडांच्या फांद्यांना धरून वाढते, आणि म्हणूनच त्याच्या मुळ्यांना पाण्याइतकीच मोकळी हवाही लागते. मराठवाड्यात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, पारा 40 अंशांच्या वर जातो आणि हवेतला ओलावा जवळपास नाहीसा होतो, तेव्हा या झाडाची पाने सुरकुततात. झाड तहानले आहे असे समजून घरातले सगळे त्याला आळीपाळीने पाणी घालतात आणि आठ-पंधरा दिवसांत ते मुळापासून कुजते. पाने सुरकुतणे हे मुळ्या कोरड्या पडल्याचे लक्षण असते, तसेच मुळ्या कुजून पाणी शोषेनाशा झाल्याचेही असते. त्यामुळे पानांवरून उपचार न ठरवता आधी मुळ्या पाहाव्यात, हा नियम कधीही मोडू नये.

त्यासाठी झाड कुंडीतून अलगद बाहेर काढावे. अनेकदा मुळ्यांच्या मधोमध स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाळलेल्या शेवाळाचा, घट्ट दाबलेला गोळा सापडतो. वरून कोरडा वाटला तरी तो आतून ओलाच राहतो आणि कुजण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. हा गोळा कोमट पाण्यात भिजवून सावकाश मोकळा करावा. निरोगी मुळी बोटांनी दाबली असता टणक लागते. ती कोरडी असताना रुपेरी-करडी आणि भिजल्यावर हिरवी दिसते. उजेड न मिळालेल्या आतल्या मुळ्या पिवळसर असतात, पण टणक असतील तर त्या जिवंत आहेत, हे लक्षात ठेवावे, कारण घाईघाईत त्याच सर्वांत आधी कापल्या जातात. कुजलेली मुळी मात्र दाबताच पिचते आणि ओढली की साल निघून आत फक्त दोरा उरतो. अशा मुळ्या स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत कापाव्यात. कापलेल्या टोकांवर दालचिनीची पूड लावण्याची पद्धत आहे आणि ती उपयोगीही आहे, परंतु ही पूड ओलावा शोषून घेते, म्हणून ती केवळ जखमेवर लावावी, उरलेल्या धडधाकट मुळ्यांवर पडू देऊ नये. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती पिठ्या ढेकणाची लागण असते. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने ते पुसून काढावेत आणि आठवड्याने पुन्हा तपासावे. दांड्यावर फुले असतील तर मन घट्ट करून तो दांडा कापावा. मुळ्या गमावलेल्या झाडाला फुले पोसणे झेपत नाही.

पुन्हा लावताना बागेतली माती मुळीच वापरू नये. झाडाच्या सालीचे तुकडे, लाकडी कोळशाचे खडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे यांचे मिश्रण चांगले ठरते. सोडणात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलावे. कुंडी उरलेल्या मुळ्या जेमतेम मावतील एवढीच लहान घ्यावी. पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्याला तापवलेल्या खिळ्याने तळाशी आणि बाजूंनी भोके पाडली तरी उत्तम कुंडी तयार होते, शिवाय मुळ्यांचा रंग बाहेरून दिसत राहतो. लावल्यानंतर एक-दोन दिवस पाणी देऊ नये, म्हणजे जखमा सुकतात.

आपल्याकडे याहून मोठी अडचण पाण्याची आहे. ज्या बोअरच्या पाण्याने बादलीवर आणि गिझरमध्ये पांढरा थर बसतो, त्याच पाण्यातले क्षार मुळ्यांवर साचून त्यांची टोके करपवतात. पावसाचे पाणी सर्वांत चांगले. पहिल्या एक-दोन सरींनी छत धुऊन निघाल्यावर ते साठवावे आणि डास होऊ नयेत म्हणून झाकून ठेवावे. एरवी आरओचे किंवा जारचे पाणी चालते. मात्र आरओ यंत्रातून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी अधिकच क्षारयुक्त असल्याने ते वापरू नये. पाणी सकाळी द्यावे. कुंडी दहा-पंधरा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावी, नंतर पूर्ण निथळू द्यावी आणि बाहेरच्या शोभेच्या कुंडीत पाणी साचलेले नाही याची खात्री करावी. पुढचे पाणी वार ठरवून न देता मुळ्या पुन्हा रुपेरी दिसू लागल्यावरच द्यावे. उन्हाळ्यात ही वेळ तीन-चार दिवसांत येईल, श्रावणात कदाचित दहा दिवस लागतील. पानांच्या मधल्या शेंड्यात पाणी राहिले तर ते टिपून घ्यावे, कारण शेंडा कुजला की झाड वाचणे फार कठीण होते.

जागा पूर्वेच्या खिडकीजवळची असावी, जिथे कोवळे ऊन मिळते. दुपारचे ऊन आणि तापलेल्या पत्र्याखालची गॅलरी टाळावी. पाण्याचा कूलर असलेली खोली उन्हाळ्यात या झाडाला मानवते, कारण तिथली हवा थंड आणि दमट असते, पण कूलरचा झोत थेट पानांवर येता कामा नये. एसीची हवा कोरडी असते. तिथे पसरट ताटात खडे आणि पाणी घालून कुंडी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावी. एकही मुळी उरलेली नसेल तर झाड ओलसर स्फॅग्नमच्या थरावर, त्यात न पुरता, पारदर्शक झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवावे आणि रोज थोडा वेळ झाकण उघडावे. मे महिन्यात असा बंद डबा आतून झटकन तापतो, म्हणून तो घरातल्या सर्वांत थंड खोलीतच ठेवावा. झाड तग धरून असेल तर ही सारी उलथापालथ जूननंतर करणे हिताचे आहे, कारण पावसाळ्यातली दमट हवा अर्धे काम स्वतःच करते. कुजणे सुरू झाले असेल तर मात्र मुहूर्त पाहत बसू नये.

नव्या मुळीचे हिरवे टोक दिसेपर्यंत खत देऊ नये. त्यानंतर कृषी सेवा केंद्रात मिळणारे 19:19:19 हे (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले) विद्राव्य खत लिटरमागे अर्धा ग्रॅम एवढेच, पंधरा दिवसांतून एकदा, तेही मुळ्या साध्या पाण्याने भिजवल्यावर द्यावे. सुरकुतलेली जुनी पाने बहुधा पूर्ववत होत नाहीत. सुधारणा नव्या पानात पाहावी, आणि फॅलेनॉप्सिसला वर्षाकाठी दोन-तीनच पाने येतात, तेव्हा धीर धरावा. हिवाळ्यात रात्रीचे तापमान उतरले की फुलांचा दांडा निघू शकतो, मात्र थंडी 12 अंशांच्या खाली गेल्यास झाड खिडकीपासून आत घ्यावे. दांडा निघाला तेव्हा झाडावर तीनच पाने असतील आणि तीही मऊ असतील, तर तो वाढू न देता लहान असतानाच खुडावा.