फ्लाय फिशिंगचं साहित्य: गावात दुरुस्त होईल असं घ्या

साध्या गळात वजन शिशाला असतं आणि तंगूस त्याच्यामागं ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं आहे. पिसांची फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेलं खोटं आमिष, फुंकर मारली तरी उडेल इतकी हलकी असते. वजन असतं ते जाड लाइनला, म्हणजे फेकायच्या दोरीला, आणि काठी वाकते ती त्या लाइनच्या ओझ्यानं. म्हणून खरेदी काठीच्या रंगापासून नाही, लाइनच्या नंबरापासून सुरू करायची. हा नंबर लाइनच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो: ५ नंबरला १४० ग्रेन म्हणजे साधारण ९ ग्रॅम, ६ नंबरला १६० ग्रेन म्हणजे १०.४ ग्रॅम, ८ नंबरला २१० ग्रेन म्हणजे १३.६ ग्रॅम. काठीवर हँडलच्या वर जो आकडा लिहिलेला असतो, तोच लाइनचा हवा. ८ नंबरच्या काठीवर ५ ची लाइन चढवली तर काठी वाकतच नाही आणि फ्लाय दोन हातांवर गोळा होऊन पडते.

खानापूर तालुक्यातल्या ओढ्यांत आणि वरच्या मलप्रभेत छोट्या माशांसाठी ४ किंवा ५ नंबर पुरतो. गावतळ्यात जलपर्णीच्या कडेला मरळ काढायची तर ७ किंवा ८ लागतो, कारण बेडकाच्या आकाराची फ्लाय हवेत वारा धरते आणि अडकलेली मरळ सरळ वेलांच्या मुळांत घुसते. एकच काठी घ्यायची असेल तर ९ फुटी, ६ नंबर, चार तुकड्यांची घ्या. चार तुकड्यांची काठी सुटी केली की साधारण ७२ सेंटिमीटरची होते. ती बसच्या रॅकवर मावते, मोटरसायकलला आडवी बांधावी लागत नाही.

या भागात टिकाऊपणाची आमची कसोटी एकच: बिघडलं तर बेळगाव, निपाणी किंवा गोकाकात बसून दुरुस्त करता येईल का? ‘आजीवन वॉरंटी’ वाचायला छान वाटते, पण मोडलेला तुकडा परदेशी पाठवायचं भाडं, हाताळणी शुल्क आणि परत येताना सीमाशुल्क मोजलं की मधल्या दर्जाच्या काठीची अर्धी किंमत तिथंच जाऊ शकते. ऑनलाइन मागवताना एक प्रश्न आधी विचारा: टोकाचा तुकडा सुटा मिळतो का? मोडतं ते बहुतेक टोकच.

काठी कार्बनची की फायबरग्लासची? कार्बन हलकी आणि चपळ, पण तिच्यावर पडलेला ओरखडा किंवा ठोका आत दडून बसतो आणि पुढच्या मोठ्या माशाला ती तिथंच ‘टप्’ करते. मागून येणारी शिसं बांधलेली फ्लाय काठीवर एकदा आदळली तरी एवढं पुरतं. फायबरग्लास जड आणि संथ, पण मार सोसते. खडकाळ ओढ्यात ७ ते ८ फुटांची ४ नंबरची फायबरग्लास काठी वर्षानुवर्षं चालते. फक्त ओढ्यावर जाणाऱ्या नवख्याला आम्ही तीच सुचवू. कड्या बघून घ्या. हँडलजवळच्या एक-दोन कड्यांत सिरॅमिकची चकती असावी, बाकीच्या सापासारख्या पीळदार कड्या हार्ड क्रोम केलेल्या स्टीलच्या असाव्यात. रिळाची बैठक अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमची. लाकडी बैठक देखणी असते, पण खानापूरच्या पावसाळ्यात ती फुगली की रीळ निघता निघत नाही.

रिळाबाबत मात्र दोन मतं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. ४-५ नंबरला साधं टिकटिक वाजणारं रीळ घ्या. त्याच्या आत असतं काय, तर दातेरी चक्र, एक खिट्टी आणि एक स्प्रिंग. स्क्रू-ड्रायव्हरनं उघडतं, स्प्रिंग गेली तर घड्याळजीसुद्धा तशी वळवून देईल. ८ नंबरला, म्हशीरसारखा पळणारा मासा मनात असेल तर, चकतीचा ब्रेक हवा. त्यात सीलबंद ब्रेक घेतला तर गाळ आत जात नाही, पण बिघडला तर तो घरी उघडता येत नाही. कॉर्कच्या चकतीचा उघडा ब्रेक घरी साफ होतो, पण दर वेळी साफ करावाच लागतो. ओतीव रीळ खडकावर पडलं की कड वाकत नाही, तुटते. अखंड अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कातलेलं रीळ वाकतं, आणि वाकलेली कड लाकडी हातोडीनं हळूहळू सरळ करता येते. पैसे जास्त घालायचे असतील तर इथं घाला.

रिळात आधी २० पौंडी डॅक्रॉन दोऱ्याचं बॅकिंग (लाइनच्या मागचा जादा दोरा) भरायचं, छोट्या रिळात ५० मीटर, मोठ्यात १०० मीटर. त्यावर लाइन. लाइन गुंडाळून झाल्यावर रिळाच्या कडेपासून ५ ते ६ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. काठोकाठ भरली तर घाईत एका बाजूला गोळा होते आणि चौकटीवर घासून तिची साल निघते.

लाइनचे दोन आकार मिळतात. डब्ल्यूएफ म्हणजे पुढं जड, लांब फेकायला सोपी. डीटी म्हणजे दोन्ही टोकं सारखी. ओढ्यात दहा-बारा मीटरच्या पलीकडं कोण फेकतं? तिथं डीटी घ्या. पुढचं टोक झिजलं की लाइन उलटी करून रिळावर चढवा, म्हणजे एका लाइनच्या किमतीत दोन. डब्ल्यूएफ उलटी करता येत नाही. आणि डब्यावर ‘ट्रॉपिकल’ लिहिलंय का ते बघा. थंड पाण्यासाठी बनवलेल्या लाइनचं वेष्टण मऊ असतं, एप्रिल-मेच्या उन्हात ते चिकट होतं आणि कडीत अडकत जातं.

लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा निमुळता तंगूस) ९ फुटी, पुढं टिपेट (फ्लाय बांधायचा बारीक तंगूस). टिपेटचा एक्स-आकडा ११ मधून वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. म्हणजे ४एक्स म्हणजे ७ हजारांश इंच, साधारण ०.१८ मिलिमीटर. गळाचा नंबर भागिले तीन केलं की जोडीचा टिपेट निघतो: १२ नंबरच्या गळाला ४एक्स. मरळीला हा हिशेब लागू नाही. तिचे दात बारीक तंगूस कापतात, तिथं शेवटचा फूटभर ०.४० ते ०.५० मिलिमीटरचा जाड तंगूस लावा. म्हशीरला जबड्यात दात नसतात, पण घशात असतात, आणि चावण्याची ताकद अशी की बारीक तारेचा गळ सरळ होऊन येतो. त्यामुळं जाड तारेचा गळ. नायलॉनचा तंगूस उन्हानं कमजोर होतो. दुकानात काचेजवळ टांगलेली रिळं घेऊ नका, आणि घरातला शिल्लक टिपेट दरवर्षी बदला. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेनं तंगूस तिथंच जळतो आणि मासा गाठीवर सुटतो.

बेडूक-फ्लायला फोम हवा असेल तर जुन्या हवाई चपलेचा तुकडा ब्लेडनं कापून घ्या. बाजारच्या फोमपेक्षा जड असतो, पण मरळीच्या चार-पाच चाव्यांना पुरतो. वेलांत अडकू नये म्हणून गळाच्या टोकापुढं ०.४५ मिलिमीटरच्या तंगुसाची कमान बांधा. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. मासा सोडायला सोपं जातं, आणि कानात घुसलेला गळ काढायलाही.

आता काठी जोडणं. टोकाच्या तुकड्यापासून सुरुवात करायची. कड्या एका रेषेत न ठेवता थोड्या तिरप्या धरून ढकलत फिरवायचं, म्हणजे सांधा घट्ट बसतो. दर अर्ध्या तासाला सांधे चाचपा. फेकताना सैल झालेला सांधा हे काठी फुटण्याचं अगदी सामान्य कारण आहे. सांधा ढिला वाटला तर साधी पांढरी मेणबत्ती नर-टोकावर दोन-तीनदा घासा. मधमाशीचं मेण नको, चिकटतं आणि धूळ धरतं. स्पिगट सांध्यात (एका तुकड्यातली खुंटी दुसऱ्यात जाते तो) दोन तुकड्यांमध्ये ५ ते १० मिलिमीटर फट दिसली पाहिजे. ती फट मिटली की सांधा झिजला असं समजा.

अडकलेला सांधा पिळून काढू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे दोन्ही बाजूंना गुंडाळा, काठी गुडघ्यांच्या मागं आडवी धरा, हात गुडघ्यांच्या बाहेरून लावा आणि गुडघे बाहेर फाकवा. ओढ सरळ रेषेत पडते. तरी निघाला नाही तर सांध्यावर बर्फाची पिशवी दहा मिनिटं धरून पुन्हा.

कार्बन वीज वाहून नेतो. घटप्रभेच्या आणि कृष्णेच्या काठानं शेतीपंपांच्या तारा खाली लोंबत गेलेल्या असतात. ९ फुटी काठी आणि वर उचललेला हात मिळून पंधरा-सोळा फुटांवर पोचतो. तार दिसली की काठी सुटी करूनच पुढं चला. वळवाच्या ढगांत गडगडलं तर ती खाली ठेवून लांब सरका. घरात दुसरा शत्रू छताचा पंखा आणि तिसरा गाडीचं दार. मासा जवळ आल्यावर काठी उभी करून टोक आपल्या मागं नेऊ नका. काठी नव्वद अंशांपुढं वाकली की सगळा ताण टोकाच्या बारीक तुकड्यावर येतो.

नदीवरून आल्यावर कामाला वीस मिनिटं लागतात. रिळाचं चाक काढून गोड्या पाण्यात बुडवा, जोराच्या नळाखाली धरू नका. दाबानं गाळ आणखी आत जातो. बोअरचं पाणी जड असेल तर पिण्याचं पाणी वापरा, नाहीतर वाळल्यावर पांढरा थर उरतो. आसावर शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब. ब्रेकच्या चकतीवर हे तेल अजिबात नाही. ब्रेकचा नॉब पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर कॉर्क दबून जातो आणि पुढच्या वेळी झटके देतो.

लाइन बादलीभर कोमट पाण्यात, चार थेंब सौम्य साबण टाकून, मायक्रोफायबरच्या फडक्यातून ओढा. फडक्यावर काळी रेघ उमटते तो गाळ. तोच कड्या कापतो. मग साध्या पाण्यातून काढा. भांडी घासायची पावडर, रॉकेल, पेट्रोल लाइनला लावू नका. डीट असलेलं डासांचं मलम तर हाताच्या पंज्यालाही नको, मनगटाच्या वरच लावा. ते वेष्टण विरघळवतं आणि लाइनला बारीक भेगा पडतात. सराव डांबरी रस्त्यावर किंवा नांगरटीत करू नका. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या गवतासारखी जागा शोधा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा.

काठी ओली असताना नळकांड्यात घातली की वार्निशवर पांढरे फोड येतात आणि कॉर्कला बुरशी लागते. रात्रभर सावलीत उभी ठेवा. नळकांडं विकत घ्यायची गरज नाही: पाइपच्या दुकानातून ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप ८० सेंटिमीटर कापून आणा, एका टोकाला टोपी चिकटवा, दुसऱ्याला नुसती बसवा, तळाला फोम, आणि हवेसाठी दोन्ही टोप्यांना चार मिलिमीटरची भोकं. मे महिन्यात ते बंद गाडीत सोडू नका.

कॉर्कला खड्डा पडला तर बाटलीचं बूच किसून त्याचा भुसा वॉटरप्रूफ लाकडी गोंदात कालवा, भरा, चोवीस तासांनी ४०० नंबरच्या पॉलिशपेपरनं सारखं करा. कडीच्या दोऱ्यावरचं वार्निश उडालं तर हंगाम संपेपर्यंत बिनरंगी नेलपॉलिश चालतं.

भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय गळ टाकणं गुन्हा आहे. राकसकोप जलाशयाचं पाणी बेळगाव पितं, तिथं जाऊ नका. हिडकल किंवा नविलुतीर्थ धरणाच्या पाण्यावर ठेका-परवाना कुणाचा ते गावात आणि मत्स्य खात्यात विचारून घ्या. फलक कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. जून ते सप्टेंबर बहुतेक मासे अंडी घालतात. काठी तेव्हा घरीच बरी.

त्या चार महिन्यांसाठी लाइन रिळावरून उतरवा, २५ सेंटिमीटरपेक्षा मोठे सैल वेढे करा आणि लाकडी खुंटीला टांगा, पत्र्याच्या छपराला लागून नको. फ्लायची पेटी उघडी ठेवून दोन दिवस वाळवा, मग सिलिका जेलची पुडी टाकून बंद करा. एक गंजका गळ शेजारचे दहा गंजवतो, तो काढून फेका. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडतं. पिसांत किडे दिसले तर पेटी पिशवीत बांधून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा.

खंडेनवमीला हत्यारं पुसून मांडतात, तेव्हा काठीही बाहेर काढा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. धागा अडकला तर त्या कडीला चीर आहे, ती लाइन कापणार. लाइनचे पहिले दहा मीटर नखावरून घसरवा, खरखर लागली तर भेगा आहेत. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवा: रुतलं तर ठीक, घसरलं तर बारीक कानशीनं चार घासे द्या.